मधलं राहिलं

“मन्हा ओटावर ‘मरना’ म्हनू नको व माय,” भागाबाईने मांडीवरच्या मुगाच्या शेंगा सुपात ढकलल्या. “देवना शब्द शे ना? मंग शुभ सांग. नही तर सांगूच नको.”

भिकुबाई माझ्याकडे बघायला लागली आणि मी गिरणेच्या वाळूकडे. ही बाई असं काही म्हणणार हे मला एरंडोलहून निघतानाच ठाऊक होतं. पण मिशनच्या चाकरीत आपल्याला काय ठाऊक आहे हे कोण विचारतं?

आमचं काम आधी सांगते, म्हणजे पुढचं कळेल. एरंडोलच्या गावाबाहेर मिशनचं आवार होतं. तिथले पाद्रीसाहेब शुभवर्तमान अहिराणीत उतरवत होते. छापलेलं मराठी पुस्तक होतंच, पण ते ऐकून खेड्यातल्या बायका मान डोलवायच्या आणि चुलीकडे वळायच्या, हे साहेबांना खुपायचं. म्हणून ते एकेक वाक्य अहिराणीत बसवायचे, आम्हां दोघींकडून घोटून घ्यायचे, आणि आम्ही ते तोंडी घेऊन गावात जायचो. कुणा बाईला म्हणून दाखवायचं, मग तिलाच म्हणायला लावायचं, आणि ती जसं म्हणेल तसं साहेबांना येऊन सांगायचं. बाईने जे गाळलं ते तिला पोचलं नाही, जे पदरचं घातलं ते तिला हवं होतं, अशी साहेबांची समजूत. मला हे सगळं रिकामटेकडं वाटायचं. भिकुबाईला नाही वाटायचं. ती वाक्य तोंडात धरून चालायची, पाण्याने भरलेली घागर डोक्यावर असल्यासारखी, आणि वाटेत माझ्याशी बोलायचीसुद्धा नाही.

आमोदखेड्याची भागाबाई आमची हक्काची. ती ख्रिस्ती होणाऱ्यांतली नव्हती. श्रावणात तिच्या घरी कानबाई देवी बसायची आणि गावातला पहिला नैवेद्याचा रोट तिचा असायचा. पण ऐकलेलं वाक्य ती जसंच्या तसं परत द्यायची, आणि आवडलं नाही तर तेही तोंडावर सांगायची.

“पुन्हा आयक ना अक्का,” भिकुबाई म्हणाली. “जो मन्हावर इसवास ठेवी, तो मरना तरी जगी.”

“मरना, अन् मंग जगी. जगाडनाच शे तर मधमा मारस कसाले? एकदम ‘जगी’ म्हन ना.”

आत दोरखंड वळत बसलेला तिचा मुलगा लोटन मोठ्याने हसला. हा तिचा एकुलता एक. तालमीतलं अंग, आणि आवाज असा की नदीपलीकडच्या शेतात हाक पोचायची. त्याची बायको कमल पहिल्या बाळंतपणाला माहेरी जामनेरला गेली होती. म्हणून घरात दोघंच, आणि भागाबाईला बोलायला माणूस हवं असायचं.

“माय, देवले शिकाडू नको,” तो आतून म्हणाला.

“तू चूप रे.”

आता खरं सांगायचं तर भागाबाईचं काय चुकलं? आपल्याकडे दिवा विझवतात का कुणी? वाढवतात. बांगडी फुटली असं बाई म्हणत नाही, वाढवली म्हणते. घरातून निघताना ‘जाते’ म्हणायचं नसतं, ‘येते’ म्हणायचं असतं, आणि घरात आजारी माणूस असेल तर जास्तच. माझ्या आईने मला जेवणावरून मारलं नसेल तेवढं या गोष्टींवरून मारलं असेल. साहेबांच्या देशात असं नसावं.

“येतो व अक्का,” म्हणून आम्ही उठलो.

साहेब व्हरांड्यात वाट बघत होते. भिकुबाईने भागाबाईचं बोलणं शब्दाला शब्द सांगितलं. साहेब हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढला. चष्मा काढला म्हणजे आता लांबणार.

“मूळ ग्रीक भाषेत या ‘तरी’ला एकच लहान शब्द आहे,” ते म्हणाले. त्यांचं मराठी शुद्ध होतं, फक्त हळू असायचं. “‘आणि’ व ‘जर’ हे दोन शब्द एकमेकांत मिसळून झालेला. त्याचा उच्चार ‘कान’.”

“म्हणजे तुमच्या पुस्तकातही कानबाई निघाली,” मी म्हटलं. भिकुबाईने मला कोपर मारलं.

“निघाली,” साहेब म्हणाले. “पण ही अवघड बाई आहे. बघा, प्रभू असं म्हणत नाही की माणूस मरणार नाही. मेल्यावर जगेल, असं म्हणून वायदाही करत नाही. तो म्हणतो, ‘मरना तरी’, मेला तरी. म्हणजे मरण आलं तरीसुद्धा. मरण बाजूला सारून नाही, त्याला जमेत धरून. हा शब्द ठेवायला जड आहे हे मला कळतं.”

“गाळला तर?” भिकुबाईने विचारलं. तिने एवढं सरळ कधी विचारलं नव्हतं.

“गाळला तर मागे राहतं ते खोटं वचन. ते ऐकून एखाद्या आईने मुलाला दवा दिली नाही, किंवा आजाऱ्याजवळ नको त्याला नेऊन बसवलं, तर? मग तिने मला दगड मारले तरी मी तक्रार करणार नाही.”

भिकुबाई उठून गेली. साहेबांना वाटलं, समजली. मला माहीत होतं ती का उठली. प्लेगच्या सालात तिचा नवरा अंथरुणावर होता. ती तेव्हा पोरवयाची, नवी नवी घरात आलेली. वैद्य नाडी बघत होता आणि हिने सगळ्यांदेखत विचारलं, “हे मरतील का?” दुसऱ्या दिवशी तो गेला. सासूने गावभर सांगितलं की हिने तोंडातून शब्द काढला आणि माझा पोरगा खाल्ला. तिला घराबाहेर काढलं, तेव्हा ती फिरत फिरत मिशनात आली. इथे प्रार्थना शिकली, लिहायला शिकली, सगळं झालं. पण तो शब्द तोंडात आला की तिची मान अजून खाली जायची.

त्या वर्षी पाऊस नीट पडलाच नाही. मूग कसाबसा हाती लागला, ज्वारी गुडघ्याएवढी होऊन वाळली. तिकडे लढाई संपत आली म्हणत होते, आणि इकडे आगगाडीबरोबर मानमोडी आली. तो ताप म्हाताऱ्याकोताऱ्यांना सोडून तरण्याताठ्यांना धरायचा. सकाळी नांगर धरलेला माणूस सांजेला ओळखू यायचा नाही. गावंच्या गावं उठून शेतात झोपड्या बांधून राहायला गेली. गिरणेच्या काठी दिवसाही धूर दिसायचा, आणि लाकूड मिळेना तेव्हा लोकांनी घराची दारं नेली. मी भित्री नाही, पण त्या दिवसांत नदीकडे तोंड करून बसायची नाही.

साहेबांनी भाषांतर बाजूला ठेवलं. आम्ही काढा आणि साबुदाणा घेऊन फिरायला लागलो. आमोदखेड्याच्या वेशीतच हिलाल भेटला. हा भागाबाईचा पुतण्या, गाडी हाकायचा.

“काकूनी बलावं शे,” तो म्हणाला. “लोटनभाऊले ताप शे.”

लोटन मधल्या घरात पडला होता. एवढा देह, आणि खाटेवर नुसती चादर टाकल्यासारखा दिसत होता. ओठ जांभळटनिळे. श्वास घेताना छातीत काहीतरी उकळत होतं. मी एकदा बघितलं आणि पेज करायच्या निमित्ताने चुलीकडे गेले. भिकुबाई त्याच्या उशाशी बसली.

भागाबाईचा आवाज मला चुलीपर्यंत आला. “बाई, तुन्हं ते वाक्य सांग ना त्याले. ‘जगी’ म्हनस ते.”

मग भिकुबाईचा आवाज आला, पण खालच्या पट्टीत. शब्द काही कळले नाहीत. मी आपली पेज ढवळत राहिले. थोड्या वेळाने भागाबाई बाहेर आली आणि अंगणात उभ्या असलेल्या शेजारणींना म्हणाली, “आयकं का? जो इसवास ठेवी तो जगी. देवना शब्द शे. तो जगी.”

तिचा चेहरा मी अजून विसरले नाही. कित्येक दिवसांनी जेवल्यासारखा दिसत होता. आणि माझा हात पातेल्यातच थांबला. कारण भागाबाईने ऐकलेलं कधी गाळलं नव्हतं. तिने गाळलं नाही, म्हणजे ते तिला मिळालंच नव्हतं.

परतीच्या वाटेवर मी गाव मागे पडेपर्यंत दम धरला.

“मधलं कुठे गेलं?”

भिकुबाई चालत राहिली. “राहिलं.”

“राहिलं की ठेवलंस?”

“त्याचे डोळे माझ्या तोंडावर होते, कुंदा. मी ‘इसवास ठेवी, तो’ इथवर आले. भागाअक्का पुढचं काय येतं म्हणून माझ्या ओठांकडे बघत होती. ती ओट्यावर काय म्हणाली होती तुला आठवतं ना? त्या पोराच्या उशाशी बसून मी ‘मरना’ कसं म्हणू? जीभ वळलीच नाही.”

“साहेबांनी काय सांगितलं होतं?”

“साहेबांना खाटेजवळ बसायचं नव्हतं.”

“आणि तो नाही वाचला तर?”

“तू तरी असं बोलू नकोस,” ती म्हणाली आणि माझ्यापुढे झपझप चालायला लागली. मला राग आला होता. तिच्या जागी मी असते तर काय केलं असतं याचा विचार मी मुद्दाम केला नाही.

पुढच्या खेपेला गेलो तर ते वाक्य आमच्या आधी घरोघर पोचलेलं. वेशीपाशीच एका बाईने भिकुबाईचा पदर धरला. “मन्हा घरबी सांग ना वं. ‘जगी’ सांगी दे.” दुसरी तिच्या मागे होती. भिकुबाईने पदर सोडवून घेतला आणि खाली मान घालून भागाबाईच्या गल्लीत शिरली. त्या बायका मागून येत राहिल्या.

भागाबाईचं अंगण ताज्या शेणाने सारवलेलं होतं. नवी गोधडी उन्हात टाकलेली. सणाची तयारी असावी तसं सगळं.

“काय व अक्का, हे काय चालनं?” भिकुबाईने विचारलं.

“कमल येनार शे. हिलाल गाडी लिसन गया जामनेरले.” भागाबाई केरसुणी टेकवून उभी राहिली. “लोटन बठ्ठा दिवस तिनंच नाव लेस. मी म्हनं, तो जगनारच शे, तर मंग पोरले भेटाडाले काय हरकत? आज दुपारलोंग येई गाडी.”

कमलच्या माहेरचे लोक जामनेरबाहेर मळ्यात राहायला गेले होते आणि त्यांच्यात कुणालाही ताप नव्हता, हे भागाबाईनेच आम्हांला आधी सांगितलं होतं. आणि त्या तापात पोटुशी बाई एकही वाचत नव्हती. मिशनच्या दवाखान्यात आम्ही ते रोज बघत होतो. ज्या खोलीत लोटन श्वास टाकत होता, तिथे ही पोर पोटातल्या जिवासकट येऊन बसणार होती.

“अक्का, तिले आनू नको,” भिकुबाई म्हणाली. “तिना पोटमा लेकरू शे.”

“तुन्हाच देव म्हनना ना? मंग भ्याव कसानं?”

“अक्का.” भिकुबाईने ओट्याच्या खांबाला हात लावला. “मी पुरं सांगं नही.”

“काय नही सांगं?”

आतून लोटनचा खोकला आला. भिकुबाईने भिंतीकडे तोंड केलं. “ते तसं नही शे. ‘मरना तरी जगी’, असं शे. मरना तरी. मी ते मधलं सांगं नही.”

भागाबाईने आधी मधल्या घराच्या दाराकडे पाहिलं, लोटनने ऐकलं का म्हणून. मग भिकुबाईकडे.

“मन्हा घरमा बोलनी तू,” ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. “आजारी पोऱ्या आत शे, अन् तू बोलनी. निंघ.”

“अक्का, गाडी तरी वापस—”

“गाडी येई. मन्ही सून येई. तू निंघ.”

वेशीपासून मागे आलेल्या बायका आता बाजूला सरून उभ्या होत्या. आम्हांला वाट मिळाली, पण कुणी ‘येजो’ म्हटलं नाही.

मला वाटलं आता एरंडोलची वाट. भिकुबाई नदीकडे वळली.

“कुठे?”

“गाडी उतारावरनंच येणार. पलीकडच्या काठावर थांबू.”

नदीला पाणी घोट्यापर्यंतच. आमच्या उजव्या हाताला दोन चिता जळत होत्या आणि जवळ एकच म्हातारा काठीने निखारे सारत बसला होता. तो आमच्याकडे बघतही नव्हता. मी पदर नाकाला लावला आणि पाय उचलून चालले. पलीकडे एक बाभूळ होती, तिच्याखाली बसलो. सावली म्हणजे नुसती जाळी.

“काय सांगणार तिला?”

“खरं सांगीन. ताप आहे, परत जा म्हणीन.”

“ऐकेल?”

ती वाटेवर नजर लावून बसली. गाडी दिसली तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. हिलाल बैलांना चुचकारत होता. मागे गोणपाटावर कमल बसलेली, पोट सांभाळत, एका हाताने गाडीचा खुंट धरून. वय ते काय, गाल अजून पोरीचे. मांडीजवळ फडक्यात बांधलेले लाडू होते.

भिकुबाई बैलांसमोर उभी राहिली. “कमल, बाई, तू वापस जाय. गावमा ताप शे. तुले लागी.”

“सासूबाईनी निरोप धाडेल शे,” कमल म्हणाली. “ते वाचनार शेतस. गावमा कोनी बाई उनी व्हती म्हने. तिना तोंडमा देव शे.”

“हाईच ती बाई,” हिलाल म्हणाला.

कमलचे डोळे मोठे झाले. ती अवघडल्या अंगाने गाडीतून खाली उतरायला लागली. भिकुबाईचे पाय धरायला. “बाई, मालेबी सांग ना ते. तू त्यास्ले सांगं ते.”

मी भिकुबाईच्या मागे उभी होते. तिची मान मला दिसत होती. घामाने पदर मानेला चिकटला होता. ती पलीकडच्या काठाकडे बघत होती, जिथून आम्ही आलो होतो. धूर सरळ वर जात होता, वारा नव्हता.

“लोटन मरना,” ती म्हणाली.

हिलालच्या हातातला कासरा सैल पडला. “कव्हय? मी निंघनू तव्हय तर—”

“सकाळले. नेई टाकं.” तिने हात वर केला आणि धूर दाखवला. “तो धूर त्यानाच. आते तठे देखाले काही नही, बाई. जे शे ते तुन्हा पोटमा शे. तू वापस जाय.”

मी तिच्या तोंडाकडे बघितलं. त्यात काहीही नव्हतं. जो शब्द तिला आजाऱ्याच्या खाटेजवळ म्हणवला नाही, तो तिने जिवंत माणसावर घातला होता, आणि तिचा आवाज कापला नाही.

कमल रडली नाही. तिने गाडीच्या खुंटावर एक मनगट आपटलं, मग दुसरं. हिरव्या काचा वाळूत पडल्या. मी तोंडात पदर कोंबला. कारण लोटन त्या वेळी आपल्या घरी श्वास घेत होता आणि तिला हाका मारत होता, आणि नवरा जिवंत असताना तिचे हात मोकळे झाले होते. आपल्यात याच्याहून वाईट काय असतं ते मला माहीत नाही.

हिलालने गाडी फिरवली. लाडवांचं फडकं वाटेत पडलं ते त्याने उचललं नाही. गाडी वळणाआड जाईपर्यंत भिकुबाई उभी राहिली. मग खाली बसली आणि वाळूतल्या काचा वेचून पदरात घ्यायला लागली.

“ठेव ते,” मी म्हटलं.

“बैलांच्या पायात जातील,” ती म्हणाली.

लोटन त्याच दिवशी दिवेलागणीला गेला. शेवटपर्यंत गाडी आली का विचारत होता म्हणे. हिलाल जामनेरहून परतला आणि त्याने नदीवर काय झालं ते सांगितलं, तेव्हा गावाने हिशेब जुळवला. दुपारी बाईने शब्द काढला, सुनेने बांगड्या वाढवल्या, सांजेला पोऱ्या गेला. डाकीण म्हणायला आणखी काय लागतं? पुन्हा आमोदखेड्यात पाऊल ठेवलं तर दगड पडतील, असा निरोप मिशनात आला.

भिकुबाईने साहेबांना सगळं सांगितलं, एक शब्द न गाळता. साहेब रागावले नाहीत. बराच वेळ चष्मा पुसत राहिले आणि म्हणाले, “तू आता दवाखान्यात काम कर.” ते रागावले असते तर तिला सोपं गेलं असतं. पुढच्या वर्षी तेच आजारी पडले आणि बोटीने आपल्या देशी गेले. अहिराणीतली ती कागदं बरोबर नेली की इथेच उंदरांनी खाल्ली, कुणास ठाऊक. पुस्तक काही छापून आलं नाही. एवढा खटाटोप फुकट गेला. मी हे मिशनात बोलूनही दाखवलं आणि बोलणी खाल्ली.

कमलला मुलगी झाली, हे बाजारात कुणाकडून तरी कळलं. दोघी धड होत्या. मी ते भिकुबाईला सांगितलं तेव्हा ती दवाखान्याच्या चादरी पिळत होती. “बरं झालं,” म्हणाली आणि पिळतच राहिली. पुढची सगळी वर्षं तिने तेच केलं. चादरी धुतल्या, आजाऱ्यांची ओकारी काढली, मेलेल्यांना आंघोळ घातली. प्रार्थनेला यायची, पण पुढे होऊन कधी बोलली नाही. नवे पाद्री आले ते तिला मुकी समजायचे.

मग तिचंही व्हायचं ते झालं. पोटात पाणी झालं, अंथरूण धरलं. मी तिच्याच खोलीत राहायला गेले. दुसरं कोण होतं आम्हां दोघींना? एका दुपारी मी दारात तांदूळ निवडत होते, तेव्हा आवाराच्या फाटकातून एक म्हातारी काठी टेकत आली. पाठीला बाक आलेला. मी ओळखलं ते काठीवरच्या, शेंगा सुपात ढकलणाऱ्या त्या हातावरून. आमोदखेड्याचा ओटा डोळ्यांसमोर आला.

“भिकुबाई अठेच शे ना?” भागाबाईने विचारलं.

मला तिला आत येऊ द्यायचं नव्हतं. आजारी माणसाला शिव्या ऐकवायला आली असेल तर? पण आतून भिकुबाईचा आवाज आला, “येऊ दे तिला.”

भागाबाई खाटेजवळ खाली बसली. तिच्या मांडीवर एक पुडकं होतं, भोवती वाळलं गवत गुंडाळलेलं. ते तिने जपून जमिनीवर ठेवलं.

“नातनं लगीन शे,” ती म्हणाली. “कमलनी पोरनं. बांगड्या लेवाले उनू एरंडोलले.”

“हिरव्या?” भिकुबाईने विचारलं.

“हिरव्याच.”

मी तांदळाचं ताट हातात धरून दारातच उभी.

“मन्हा पोऱ्याले तू ‘जगी’ म्हनं,” भागाबाई म्हणाली. “मन्ही सूनले ‘मरना’ म्हनं. इतला वरीस मी हाईच धरी बठनू.” तिने खाटेच्या माच्याला हात लावला. “दोन्ही एकदाच काबर नही सांगं वं, बाई?”

भिकुबाईचे डोळे भरले. मी तिला इतक्या वर्षांत रडताना बघितलं नव्हतं. “जीभ नही वळनी, अक्का.”

“हां,” भागाबाई म्हणाली.

तिने कोपऱ्यातल्या माठातून पाणी घेतलं, भिकुबाईची मान हाताने उचलली आणि पेला ओठाला लावला. जातपात, विटाळ, काही बघितलं नाही. दोन घोट गेले, बाकी उशीवर सांडलं. मग पुडकं उचललं, काठी घेतली आणि दारात जाऊन वळली. आजाऱ्याच्या खोलीतून निघताना काय म्हणायचं असतं ते तिला कुणी शिकवायची गरज नव्हती.

तरी ती म्हणाली, “जास मी.”

“जाय, अक्का,” भिकुबाई म्हणाली.

काठीचा आवाज फाटकापर्यंत ऐकू येत राहिला. भिकुबाईने डोळे मिटले होते. मला वाटलं झोपली.

“कुंदा, ते म्हण ना एकदा,” ती म्हणाली. “साहेबांचं.”

मी ताट खाली ठेवून तिच्या उशाशी बसले. तिचं नाक पातळ झालं होतं, आणि असं नाक पुढे काय सांगतं हे दवाखान्यात राहून मला चांगलं कळत होतं. तिने डोळे उघडून माझ्या ओठांकडे बघायला सुरुवात केली.

“जो माझ्यावर विश्वास ठेवील,” मी म्हटलं, “तो जगेल.”

तिच्या चेहऱ्यावर हसू आलं. किती वर्षांनी आलं.

“मधलं राहिलं,” ती म्हणाली.

मी पदराने तोंड पुसलं, तिचा हात हातात घेतला आणि पहिल्यापासून म्हणायला लागले.